राणीसाहेबांची रांग

घराचं दार उघडल्यावर तिला आधी वाटलं, मोरीतला नळ बिघडला. पाइपात हवा अडकली की पाणी कसं उचक्या देत, अडखळत येतं, तसला आवाज येत होता. एक बूट काढलेला, दुसरा पायातच, अशी ती मोरीपर्यंत गेली. नळ घट्ट बंद होता. आवाज स्वयंपाकघरातून येत होता. तिथे टेबलाशी तिचा नवरा बसला होता, पुढ्यात रेडिओ होता, आणि दोन्ही हात मांडीवर टाकून तो रडत होता. चेहरा झाकलेला नव्हता, हातात रुमाल नव्हता. बाजारात चुकलेलं पोर रडतं तसं तोंड उघडं टाकून रडत होता. रेडिओवर कुणीतरी जड, संथ आवाजात सांगत होतं की थोरल्या राणीसाहेब दुपारी झोपेतच गेल्या, वय नव्वदीला टेकलं होतं, शेवट फार शांत झाला.

"अहो," ती म्हणाली.

"राणीसाहेब गेल्या गं," तो म्हणाला, आणि पुन्हा सुरू झाला.

ती तशीच उभी राहिली, एक पाय उंच, एक पाय ठेंगणा. जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा, असं तिला मुळीच वाटलं नाही. वाटलं ते निराळंच, आणि ते इतकं ओंगळ होतं की तिनं पटकन नजर वळवून गॅसवरच्या रिकाम्या भांड्याकडे पाहिलं. तिला हेवा वाटला होता. या माणसाचे डोळे तिनं दीड वर्षापूर्वी तासन्‌तास पाहिले होते. हॉस्पिटलच्या त्या हिरवट उजेडाच्या बाकावर, डॉक्टर खाली बघत बोलत होते तेव्हा, आणि पुढे स्मशानातही. कोरडे ठणठणीत. पोरीचं डोकं शुक्रवारी दुखायला लागलं होतं आणि रविवारी ती नव्हती. मेंदूत शीर फुटली म्हणाले. एकोणीस वर्षांची मुलगी. तिला घरात सगळे खारू म्हणायचे, कारण लहानपणी गालात घास धरून बसायची आणि घरभर हिंडून झाल्यावर गिळायची. त्या दिवसांत या माणसानं सगळं केलं. कागदांवर सह्या केल्या, आलेल्यांना खुर्च्या दिल्या, हात जोडून निरोप दिले. सगळे गेल्यावर तेलाची बुधली काढून दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. कुरकुर त्याला ऐकवत नाही. दार तेव्हापासून आवाज न करता उघडतं, आणि घरात कोण कधी आलं ते कुणालाच कळत नाही.

आठवडाभरात त्यानं खारूची खोली आवरली होती. खोके बांधले, वर दोरी मारली, भाड्याची गाडी आणून नणंदेच्या माळ्यावर पोचवले. "तिथे जागा आहे," एवढंच म्हणाला. इथेही जागा होती. जागेशिवाय इथे आता दुसरं होतं काय? पण ती बोलली नाही. आपण बोललो तर हा मोडेल, अशी तिला तेव्हा भीती वाटली होती, आणि माणूस मोडू नये म्हणून आपण गप्प बसतो ही मोठी समजूतदारपणाची गोष्ट वाटली होती. मग त्या गप्प बसण्याला वळण पडलं. एकदा जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "खारू असती तर हे अळणी आहे म्हणाली असती." तो घास ताटात ठेवून उठला, आणि नळ गळतोय का बघायला गेला. नळ गळत नव्हता. त्यानंतर ते नाव घरात कुणी घेतलं नाही. शेजारपाजारचे घेत नव्हते, त्यांना वाटायचं आपण आठवण कशाला काढावी. नणंद फोनवर हवापाण्याचं बोलायची. नाव न घेता नाव झिजतं, हे तिला हळूहळू कळू लागलं होतं. कधीकधी कामावर, लाँड्रीत, वाफेच्या फुसफुशीत, कुणाला ऐकू जाणार नाही अशी वेळ साधून, ती ते ओठातल्या ओठात म्हणून बघायची. जिभेवर अजून बसतंय ना, एवढं बघण्यापुरतं.

आणि आता हा रडत होता. एका म्हातारीसाठी, जी त्याला कधी भेटली नाही, जिला नातवंडं-पतवंडं होती, जी मऊ गादीवर झोपेत गेली. बाई चांगली होती, नाही कोण म्हणतंय? युद्धाच्या दिवसांत राजवाडा सोडून गेली नव्हती. पूर आला तेव्हा गुडघाभर चिखलात उतरली होती. कुणी बोलायला लागलं की त्याचं नीट ऐकून घ्यायची, असं सगळेच सांगत. पण म्हणून काय झालं! दुसरा बूट काढून तिनं तो पहिल्याशेजारी ठेवला, आणि भात लावला.

दुसऱ्या दिवसापासून शहर काळं झालं. लाँड्रीत कपड्यांचा डोंगर पडला. पेटीच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत निजलेले काळे कोट, काळ्या साड्या, काळे झगे, कुणाच्या बापाच्या मयतीला शिवलेले, कुणाच्या बायकोच्या. सगळ्यांना उद्याच्या उद्या हवे होते. काळ्या लोकरीवर थेट इस्त्री फिरवली की चकाकी येते, म्हणून वर ओलं फडकं घालावं लागतं. फडकं घालायचं, दाबायचं, उचलायचं, वाफ तोंडावर घ्यायची. त्या वाफेत प्रत्येक कोटातून जुन्या दिवसाचा वास उठायचा, अत्तराचा, तंबाखूचा, घामाचा. मालकीणबाईंनी गल्ल्याच्या वर राणीसाहेबांची तसबीर लावली होती आणि स्वतः काळं नेसून तिच्याखाली बसल्या होत्या. गिऱ्हाईक काउंटरवर आलं की दोघी-तिघी मिळून डोळे पुसायच्या. "आपल्याच घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतंय हो." "माझ्या आईसारख्या दिसायच्या." "काल रात्रीपासून घास उतरला नाही." सरकारनं दुखवटा जाहीर केला होता, शाळा बंद, नाटकं बंद, मोठ्या घड्याळाचे टोलेसुद्धा बंद. माणसं रस्त्यात थांबून एकमेकांना विचारत होती, तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? आणि ज्याला विचारलं तो मनापासून सांगत होता. तिला दीड वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं. ती कुठे होती! ती हॉस्पिटलच्या तळमजल्यावर चहाच्या यंत्रापुढे उभी होती, यंत्रानं नाणं गिळलं होतं, आणि त्या यंत्राला ती चापट्या मारत होती. वर खारू जात होती आणि खाली आई यंत्राला मारत होती. विचारलं असतं कुणी तर सांगितलं असतं.

शेवटी व्हायचं तेच झालं. फडकं घालायला विसरून तिनं एका भारी कोटावर इस्त्री टेकवली, आणि पाठीवर तळहाताएवढा चकाकता डाग उमटला. कोटाचा मालक जाडजूड, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ होता. ती काउंटरवर कोट उलगडून उभी राहिली. गृहस्थानं डाग पाहिला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. "राहू द्या बाई. अशा दिवसांत कुणाचं लक्ष ठिकाणावर असतं?" मालकीणबाईंनीही तिच्या खांद्यावर थोपटलं. "जा, तोंडावर पाणी मार. मलाही काही सुचत नाहीये बघ." ती मागच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. खारूनंतर ती कामावर आली त्या आठवड्यात तिच्या हातून एका शर्टाची कॉलर करपली होती, आणि याच मालकीणबाई, वाईट नव्हत्या त्या, हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "हे बघ, घरचं घरी ठेवून येत जा." तिनं तसं केलं होतं. घरचं घरी ठेवलं होतं, आणि घरी ते ठेवायला कोनाडा नव्हता.

राजवाड्यात शवपेटी दर्शनाला ठेवली त्या दिवशी तो सकाळीच उठून दाढी करून आला. अंगात तोच कोट होता, खारूला पोचवायला घातलेला.

"कुठे निघालात?"

"जाऊन येतो. दर्शनाला."

"रांग पार नदीपर्यंत गेलीय म्हणे. दिवस जाईल."

"जाऊ दे."

तो बटणं लावत होता. वरचं बटण त्याला लागत नव्हतं, बोटं जाडी झाली होती. एरवी तिनं पुढे होऊन लावलं असतं. आज ती ओट्याला टेकून उभी राहिली, आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला, भांडं घासल्यासारखा. "हिच्यासाठी बरं रडता येतं तुम्हाला."

तो थांबला. बटण सोडून दिलं. तो काहीतरी बोलणार असं तिला क्षणभर वाटलं. मग तो दाराकडे गेला, आणि दार आवाज न करता मिटलं.

दुपारपर्यंत ती घरात फिरत राहिली. सुट्टी होती, सगळ्यांनाच होती. काय बोलून बसलो आपण! आणि का बोलू नये? दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात असे घुसत होते की तिला भिंतीला हात लावून उभं राहावं लागत होतं. मग एकदम तिच्या मनात आलं, हा परत आलाच नाही तर? नदीच्या काठानं रांग आहे. कोटाचं वरचं बटण उघडं आहे. ती पायात मिळाले ते बूट घालून निघाली.

रांग दिसली. पुलापासून नदीच्या कठड्याला लागून, तिथून वळसा घेऊन बागेच्या भिंतीकडे, माणसामागे माणूस, काळंच काळं. आणि आवाज मात्र शोकाचा नव्हता. गुणगुण होती, लग्नघराच्या मागच्या अंगणात असते तसली. लोक एकमेकांना पाणी देत होते, पेपरमिंट देत होते, म्हाताऱ्यांना कठड्यावर बसवून त्यांची जागा राखत होते. ती कडेकडेनं चालत राहिली, एकेक पाठ न्याहाळत. सगळ्या पाठी सारख्याच. भिंतीच्या वळणावर कापडी आडोसा लावला होता, त्याच्या अलीकडे ती दम खायला थांबली, आणि तिला पलीकडून नवऱ्याचा आवाज आला.

आधी तिला खरं वाटेना. आवाज त्याचाच, पण तो एवढा सलग बोलत होता! हा माणूस दोन शब्दांत दिवस काढणारा.

"...तीन वर्षांची असेल. रविवारी कामावर नेली होती बरोबर. लिफ्टच्या दाराला कान लावायची आणि म्हणायची, बाबा, हिच्या पोटात दुखतंय. आणि मी उघडून बघतो तर खरंच बेअरिंग गेलेलं."

"ऐकलंत?" एका बाईचा कौतुकाचा आवाज. "मुलगी इंजिनिअर व्हायची तुमची."

"तेच शिकतेय. दुसऱ्या वर्षाला आहे."

तिनं आडोशाची कड धरली.

"आणली नाहीत आज?" हा म्हाताऱ्याचा आवाज.

"परीक्षा आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही जा, माझ्या वाटचं बघून या. राणीसाहेबांचं फार तिला. पुलाच्या उद्‌घाटनाला आल्या होत्या ना, तेव्हा शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी होती. राणीसाहेबांनी गाडी थांबवून खारूचा गाल ओढला होता. तिचाच. एवढ्या पोरांतून."

खारू. किती सहज म्हणाला. राणीसाहेबांनी कुणाचाही गाल ओढला नव्हता. त्या दिवशी खारू भिजलेल्या बुटांनी घरी आली होती, झेंड्याची काडी मोडलेली, आणि रागानं म्हणाली होती, मला काहीसुद्धा दिसलं नाही, गाडीचं छप्पर दिसलं फक्त. तिला ते आठवलं, आणि बरोबर ते ओले मोजे आठवले, एक वर एक खाली, आणि ते वाळत घालताना आपण केलेली चिडचिड. आता काय करायचं? आडोसा बाजूला सारून म्हणायचं, अहो, काय बोलताय तुम्ही हे, शुद्धीवर या? त्याला हाताला धरून घरी न्यायचं, त्या तेल घातलेल्या दारातून आत? की इथेच उभं राहून ऐकत राहायचं, तो बोलतोय तोवर, भिकाऱ्यासारखं?

ती पलीकडे गेली.

त्यानं तिला पाहिलं आणि त्याचं बोलणं चिमटीत धरल्यासारखं तुटलं. त्याच्या डोळ्यांत इतकी उघडी भीती होती की तिला त्याच्याकडे बघवेना. चोरी करताना सापडलेल्या माणसाची नव्हती ती. ताटावरून उठवतील या भीतीनं भुकेला बघतो, तशी होती.

"रांग मागे आहे हो ताई," पुढची बाई म्हणाली. शाळेत शिकवत असावी, बोलण्याला तशी धार होती.

"यांची मंडळी मी."

"अगं बाई, मग या की. तुमच्याच मुलीचं सांगत होते हे. कधी संपतेय परीक्षा?"

म्हातारा छत्रीवर दोन्ही हात ठेवून प्रेमानं बघत होता. मास्तरीणबाई वाट बघत होत्या. नवरा खाली जमिनीकडे बघत होता. नदीवरून गार वारा येत होता. तिनं पुढे होऊन त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. एक-दोनदा खटपट करावी लागली, काज आवळलं होतं.

"पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "रात्र रात्र जागते. डोळे खोल गेलेत."

"आजकाल अभ्यास फार हो."

"आणि ते गालाचं सांगितलं का यांनी? दोन दिवस धुवू दिला नाही तिनं तो गाल. अंघोळीला बसली की हात धरून ठेवायची वर."

म्हातारा हसला, छत्री हलवत हसला. तिचा नवरा मान वर करून तिच्याकडे बघत होता. मग घसा खाकरून, जरा चाचपत, तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी ती झोपेत असताना तूच धुतलास."

"मग काय करू? मळ साचला होता."

आणि मग ते दोघं बोलत सुटले. बांध फुटतो असं म्हणतात, पण हे तसं नव्हतं, हे सुताच्या गुंड्यासारखं होतं, एकानं धरायचं, दुसऱ्यानं उलगडायचं. खारू अळणी खात नाही. खारूनं केस कापले तेव्हा हे दोन दिवस बोलले नाहीत. खारूला मांजर हवंय, पण घरात कुणी नसतं दिवसभर. खारूचा एक मित्र आहे, उंच, चष्मेवाला, आम्हाला माहीत नाही असं तिला वाटतं. तो मित्र कुणी काढला, तिनं की त्यानं, हे तिला नंतर आठवेना. खरं कुठलं नि रचलेलं कुठलं हे निवडायला वेळ नव्हता, रांग पुढे सरकत होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, मुलींना फार टोकू नये, मित्र असू द्यावा. "मी तेच म्हणते," ती म्हणाली. तो म्हणाला, "घरी तरी आणावं ना त्याला एकदा." ती हसली. पोटातून हसली, आणि हसताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला दोन्ही हातांनी विहिरीच्या काठावरून खाली वाकवून धरलं आहे, आणि खालचं पाणी किती गार, किती ओळखीचं दिसतंय. पाय सुटले तरी चालतील. सुटूच देत.

उन्हं उतरली तेव्हा ते राजवाड्याच्या पायऱ्यांशी आले. तिथल्या शिपायानं ओठांवर बोट ठेवलं. आत उंच छताचा दिवाणखाना, मधोमध पेटी, वर फुलं. थांबायचं नाही, नमस्कार करायचा आणि पुढे. तिच्या पुढे मास्तरीणबाई मुसमुसत गेल्या, म्हातारा छत्री टेकत कसाबसा वाकला. तिनं पेटीकडे पाहिलं. आत काय आहे हे तिला दिसत नव्हतं, दिसायला नकोही होतं. तिला एवढंच कळत होतं की इथे बोलायला मनाई आहे, आणि आपण गप्प बसलो की ते विहिरीचं तोंड मिटायला लागतं, कडेकडेनं, थंडीत पाण्यावर बर्फाची साय धरावी तसं. नवऱ्याच्या हाताला तिनं हात लावला. या दोन मिनिटांत खारू दोघांच्या मधून निसटून चालली होती, आणि पेटीपुढून पुढे सरकताना ती मनातल्या मनात तिला घट्ट धरून म्हणत राहिली, थांब, थांब गं, आलोच बाहेर.

पण बाहेर रस्ता होता. मागचा, रिकामा, कागद उडत असलेला. मास्तरीणबाईंनी तिचे हात हातात घेतले. "मुलीला सांगा, पेपर शांतपणे लिही म्हणावं." म्हाताऱ्यानं खिशातलं शेवटचं पेपरमिंट काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं, "लेकीला द्या." दोघं दोन दिशांना गेले. कोपऱ्यावर छत्रीचा ठक ठक आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला.

ते दोघं दिव्याच्या खांबाशी उभे राहिले. इथून घर डावीकडे होतं. तो पेपरमिंटकडे बघत होता. ते त्यानं तोंडात घातलं नाही, टाकलंही नाही. तिनं बोलायला तोंड उघडलं. काहीही चाललं असतं, खारूचा अभ्यास, खारूचं मांजर. पण ऐकायला कुणी नव्हतं, आणि ऐकणाऱ्याशिवाय ते शब्द तोंडात नुसते पिठासारखे झाले. एकमेकांना ते सांगू शकत नव्हते. दोघांनाही खरं ठाऊक होतं.

"घरी जायचं?" तिनं विचारलं.

त्यानं घराच्या दिशेनं पाहिलं, बराच वेळ. मग हलक्या, लाजल्यासारख्या आवाजात म्हणाला, "रांग उद्यापर्यंत चालू आहे म्हणे."

तिला कळलं. हेही कळलं की इथेच नाही म्हणायला हवं. आत्ता, हाताला धरून, डावीकडे. एकदा गेलो तर उद्याही येऊ, आणि परवा पेटी पुरल्यावर दुसरी कुठली रांग शोधू, दवाखान्यापुढची, तिकिटाची, कसलीही, जिथे अनोळखी माणसं उभी असतात आणि वेळ घालवायला विचारतात. हे ती अगदी स्वच्छ बघत होती. आणि बघत असतानाच तिचे पाय नदीकडे निघाले होते.

रांगेचं शेपूट आता पुलाच्याही पलीकडे गेलं होतं. ते जाऊन उभे राहिले. पुढे एक तरुण जोडपं होतं, पोरगी झोपाळू होऊन बापाच्या खांद्यावर. बाईनं वळून पाहिलं, ओळखीचं हसली. "दोघंच आलात?"

"मुलगी येतेय मागून," ती म्हणाली.

तो अर्धं पाऊल पुढे सरकला, तीही त्याच्याबरोबर सरकली, आणि दोघांच्या मागे एका माणसापुरती जागा मोकळी राहिली. रांग हलली की ते हलत होते, थांबली की थांबत होते, आणि ती जागा तेवढीच राहत होती. मागे येऊन उभा राहिलेला एक घाईतला माणूस थोडा वेळ ते बघत राहिला. मग त्यानं नवऱ्याच्या खांद्याला बोट लावलं.

"साहेब, पुढे येऊ का? इथे कुणी आहे?"

"आहे," तो म्हणाला.